बोट लागण्यापासून व्हीआर लागण्यापर्यंत : मळमळ आणि सुगंध यांचा जुना संबंध

“डॉक्टर, हे तेल चालेल का?”

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आली होती. तिनं पर्समधून लॅव्हेंडरच्या तेलाची छोटी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आईंचं वय ६१. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात होऊन डावा हात कमजोर झालेला. फिजिओथेरपीच्या केंद्रात त्यांना व्हीआर हेडसेट, म्हणजे तो डोळ्यांवर बांधायचा जाड चष्मा, लावून व्यायाम देत होते. चष्म्यात बाग दिसते, झाडाला फळं लटकलेली असतात आणि हात लांब करून ती तोडायची असतात. एरवी कंटाळवाणा वाटणारा व्यायाम त्या हौसेनं करू लागल्या होत्या आणि हात खरोखरच सुधारत होता. पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला पोटात ढवळायला लागायचं. दोनदा भडभडून उलटी झाली. तिसऱ्यांदा त्यांनी सांगून टाकलं, “मला नाही जायचं तिथे. हात राहिला तसा राहू दे.”

पक्षाघातानंतरचं पहिलं वर्ष किती मोलाचं असतं, हे या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना मी पुन्हा सांगायला नको. तेव्हा हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नव्हता. सुगंधानं व्हीआरची मळमळ कमी होते असं मुलीनं इंटरनेटवर वाचलं होतं. हेडसेटला जोडायचं सुगंध सोडणारं एक महागडं उपकरणही तिनं पाहून ठेवलं होतं. त्याआधी तेल लावून बघावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी आधी माझं काम केलं. पक्षाघात झालेल्या माणसाला चक्कर आणि उलटी होत असेल तर “चष्म्यामुळे होत असेल” म्हणून सोडून देता येत नाही. मेंदूच्या मागच्या भागात नवा अडथळा आला तरी सुरुवात अशीच होऊ शकते. रक्तदाब, चालण्यातला तोल, डोळ्यांची हालचाल, चालू गोळ्यांची यादी, सगळं तपासलं. त्रास फक्त चष्मा लावल्यावर सुरू व्हायचा, काढल्यावर अर्ध्या तासात ओसरायचा आणि एरवी कधीच नसायचा. म्हणजे हे ‘लागणं’च होतं. गाडी लागते, बोट लागते, तशी त्यांना व्हीआर लागत होती.

तेलाबद्दल मात्र मी म्हणालो, “दोन दिवसांनी सांगतो.” त्या दोन दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि ताडून पाहिलं, ते इथे लिहितो आहे.

आपल्या मराठीतलं हे ‘लागणं’ मला फार आवडतं. ऊन लागतं, दृष्ट लागते, तशीच बोट लागते. काहीतरी बाहेरून येऊन अंगाला भिडतं, असा भाव त्यात आहे. ग्रीक भाषेत जहाजाला ‘नाउस’ म्हणत. त्यावरूनच मळमळीला ‘नॉशिया’ हा शब्द आला, जो आम्ही डॉक्टर आज केसपेपरवर सर्रास लिहितो. पोटातल्या कोणत्याही गडबडीसाठी वापरला जाणारा हा शब्द मुळात फक्त समुद्रावरच्या त्रासाचा होता.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी आपल्या एका पत्रात स्वतःची फजिती लिहून ठेवली आहे. नेपल्सजवळ एका छोट्या प्रवासाला ते निघाले तेव्हा समुद्र शांत होता. मध्ये लाटा वाढल्या, त्यांना बोट लागली आणि उलटीही होईना, नुसतीच जीवघेणी मळमळ. अखेर त्यांनी नावाड्याला बोट किनाऱ्याकडे न्यायला लावली आणि ती टेकायच्या आतच थंड पाण्यात उडी मारून, खडकांना धरत धरत जमीन गाठली. पुढे ते गमतीनं लिहितात की, पुराणातला तो दर्यावर्दी युलिसिस ठिकठिकाणी आपटत राहिला तो समुद्रदेवाच्या कोपामुळे नव्हे, त्यालाही बोट लागत असणार. संयमावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था. तुमच्या मुलाला घाटात उलटी झाली तर त्याच्यावर रागावू नका.

त्या काळातले ग्रीक आणि रोमन वैद्य यावर काय करत? उपास, ठरावीक आहार, दारूत भिजवलेला दवण्याच्या जातीचा कडू पाला आणि मनाला बरे वाटणारे सुवास. सुगंधाचा उपाय किमान एवढा जुना आहे. चीनमधल्या सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथांत लहान मुलांना हा त्रास जास्त होतो, हे अचूक निरीक्षण आहे. युरोपातल्या डॉक्टरांना ते लिहायला एकोणिसावं शतक उजाडलं. मात्र त्याच चिनी परंपरेतले उपाय म्हणजे चुलीच्या मधोमध असलेली माती केसांत लपवून ठेवणं आणि लहान मुलाचं मूत्र पिणं! निरीक्षण बरोबर असलं म्हणजे उपाय बरोबर असतोच असं नाही. वैद्यकाच्या इतिहासात हे पदोपदी दिसतं.

आपल्याकडे चरकसंहितेत उलटीच्या प्रकरणात एक वेगळा प्रकार सांगितला आहे. किळसवाण्या, नकोशा गोष्टीच्या संपर्कानं होणारी उलटी. मनाला धक्का बसून ती होत असेल तर धीर देणारं बोलणं, मित्रांची सोबत आणि मनाला रुचणारे नाना प्रकारचे वास वापरावेत, असा सल्ला आहे. वास कशाचे? माती, फुलं, आंबट फळं. प्रवासातल्या त्रासाबद्दलचा हा सल्ला नाही, तेव्हा “आपल्या पूर्वजांना व्हीआरचा उपाय ठाऊक होता” असे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. पण त्यातला एक शब्द लक्षात ठेवा : मनाला रुचणारे. पुढे त्याचं काम पडणार आहे.

वास हा या कहाणीत फक्त उपाय म्हणून येत नाही, तो आरोपी म्हणूनही येतो. शिडाच्या जहाजांच्या तळाशी पाणी साठून कुजायचं. त्यात माणसांची गर्दी आणि कोंडलेली हवा. दुर्गंधी हेच समुद्रावरच्या आजाराचं कारण, असं अनेकांना वाटणं स्वाभाविक होतं. मग वाफेची जहाजं आली आणि कोळसा, तेल, स्वयंपाकघर यांच्या वासांची भर पडली. माझी आजी वेंगुर्ल्याची. मुंबईहून कोकणात बोटीनं जाताना पदराच्या गाठीला लिंबू आणि तोंडात आल्याचा तुकडा असायचा. “बोटीपेक्षा बोटीचा वास लागायचा,” असं ती म्हणायची. पडावात उतरलं, मोकळा वारा लागला की जिवात जीव यायचा. गंमत म्हणजे पडाव बोटीपेक्षा जास्त हलायचा.

नाकावरचा हा आरोप फेटाळला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८१ साली आयर्विन नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लेख लिहून या त्रासाला ‘मोशन सिकनेस’, म्हणजे गतीचा आजार, असं नाव दिलं. जहाज असो, गाडी असो की झोपाळा, कारण गती हेच, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ १८८२ मध्ये अमेरिकेतले विल्यम जेम्स यांनी एक साधा पण डोकेबाज अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ५१९ कर्णबधिर व्यक्तींची चक्कर येण्याबाबत माहिती गोळा केली. त्यातल्या १८६ जणांना गरगर फिरवलं तरी चक्कर अजिबात येत नव्हती. ज्यांच्या आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा जन्मापासून किंवा आजारानं निकामी झाली होती, त्यांना गरगरणं ठाऊकच नव्हतं. अशा लोकांना बोटही लागत नाही, हे पुढे पक्कं झालं.

तेव्हापासून या विषयाचा मालक कान झाला आणि नाक बाजूला पडलं.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न एकदम लष्करी महत्त्वाचा ठरला. हजारो सैनिक छोट्या, सपाट तळाच्या बोटींतून किनाऱ्यावर उतरवायचे, आणि उतरल्याबरोबर लढायचे. ओकारीनं गळून गेलेला सैनिक काय लढणार? हायोसिन या औषधाच्या चाचण्या या काळात झाल्या. आपल्या धोतऱ्यातही हा पदार्थ असतो, म्हणून धोतऱ्याच्या वाटेला कोणी जाऊ नये. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर निघालेल्या सैनिकांना गोळ्या दिल्या होत्या, तरी पुष्कळांनी वाटेत उलट्या केल्याच. युद्धानंतर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावरच्या पित्तासाठी एका गर्भवती स्त्रीला नवं औषध दिलं. पित्ताचं काय ते असो, पण ट्राममध्ये होणारी तिची मळमळ थांबली. डॉक्टर गे आणि कार्लिनर यांनी हे हलक्यात घेतलं नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या ‘जनरल बलू’ या लष्करी जहाजावरच्या तेराशेहून अधिक सैनिकांवर त्यांनी त्याची चाचणी घेतली. तेच ड्रामामाइन. आजही मेडिकलच्या दुकानात या गटातल्या गोळ्या मिळतात आणि घाटाआधी अर्धा-पाऊण तास घेतल्या तर उपयोगी पडतात. झोप येते, हा त्यांचा जुना दोष मात्र गेलेला नाही.

आता आपण चष्म्याकडे येतो, पण वाटेत एका खोलीत थांबावं लागेल. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलानं हेलिकॉप्टर शिकवण्यासाठी सिम्युलेटर वापरायला घेतला. जमिनीवरच्या खोलीत बसायचं, समोरच्या पडद्यावर भूदृश्य सरकतं आणि आपण उडतो आहोत असं वाटतं. ना समुद्र, ना लाटा, ना वास. तरी लोकांना मळमळायला लागलं. त्यातही चमत्कारिक गोष्ट अशी की, नवशिक्या विद्यार्थ्यांपेक्षा शेकडो तास उडालेल्या शिक्षकांना जास्त त्रास झाला. समुद्रावर तर उलटं घडतं, तिथे मुरलेल्या खलाशाला बोट लागत नाही.

याचं उत्तर समजून घेतलंत तर व्हीआर का लागते ते लगेच कळेल. मेंदूकडे हालचालीची खबर तीन वाटांनी येते : डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांधे. रोजच्या आयुष्यात तिघं एकच बोलतात. बोटीच्या आतल्या खोलीत कान म्हणतो “हलतोय”, डोळे म्हणतात “भिंत तर स्थिर आहे”. सिम्युलेटरमध्ये डोळे म्हणतात “उडतोय”, कान म्हणतो “खुर्चीत बसलोय”. मुरलेल्या वैमानिकाच्या मेंदूला असं दृश्य दिसलं की अंगाला काय जाणवायला हवं, हे पाठ झालेलं असतं. ते जाणवत नाही, म्हणून त्याचा गोंधळ मोठा. नवशिक्याकडे ती आठवणच नाही. १९७५ मध्ये रीझन आणि ब्रँड यांनी आपल्या पुस्तकात ही विसंगतीची कल्पना नीट मांडली आणि आजही बहुतेक डॉक्टर तीच धरून चालतात. शरीराचा तोल सावरता न येणं हेच मूळ कारण, असं मानणारा दुसरा गटही आहे.

पण गोंधळ झाला तर डोकं दुखावं, उलटी का व्हावी? १९७७ मध्ये ट्रीसमन यांनी यावर एक तर्क मांडला. आदिम काळात डोळे आणि कान यांची खबर जुळेनाशी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे विषारी काहीतरी खाल्लेलं असणं. मग मेंदूचा सोपा हुकूम : पोट रिकामं करा. हा तर्कच आहे, पण त्यामुळे नाक पुन्हा कहाणीत येतं. कारण विष ओळखणारा पहिला पहारेकरी नाकच. शिवाय वासाची नस मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाशी फार जवळून जोडलेली आहे. बाकीच्या संवेदना थायलॅमस नावाच्या चौकीतून तपासून पुढे जातात. वासाला त्या चौकीत थांबावं लागत नाही.

मजा बघा. कृत्रिम जगाचा पहिला प्रयत्न करणाऱ्यानं वास आधीच त्यात घातला होता. मॉर्टन हायलिग या सिनेमावाल्यानं ‘सेन्सोरामा’ नावाचं यंत्र बनवलं आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. डोकं आत घालून बसायचं. समोर त्रिमिती चित्र, कानाशी आवाज, खालून थरथरणारी खुर्ची, तोंडावर वारा आणि नाकाला वास. त्यात न्यूयॉर्कमधून मोटारसायकलवर फेरी मारता यायची. हायलिग यांना वास हवा होता तो खरेपणासाठी, मळमळ थांबवण्यासाठी नाही. पैसे लावणारा कोणी मिळाला नाही आणि यंत्र मागे पडलं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसणारा पहिला संगणकी चष्मा केला. तो एवढा जड होता की छताला टांगावा लागे. त्यात वास नव्हता. पुढची कित्येक दशकं चष्मे हलके होत गेले, चित्रं सुंदर होत गेली आणि मळमळ तशीच राहिली. मान वळवल्यावर चित्र वळायला क्षणाचाही उशीर झाला तरी मेंदूला ते खुपतं. १९९३ मध्ये तर या त्रासाची मोजणी करण्यासाठी १६ लक्षणांची एक प्रश्नावली तयार झाली. ती आजही वापरतात.

नाकाची रीतसर चौकशी झाली ती २०१५ मध्ये. केशवर्झ, हेश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ लोकांना पंधरा मिनिटांची चित्रफीत दाखवली. सायकलवर बसलेल्या माणसाला रस्ता जसा दिसेल तशी. याच फितीनं आधीच्या प्रयोगांत लोकांना हमखास मळमळ झाली होती. तीन गट केले. एका गटाच्या खोलीत गुलाबाचा वास, दुसऱ्यात चामड्याचा नकोसा वास, तिसऱ्यात काहीच नाही. आणि मळमळ किती ते शून्य ते वीस या पट्टीवर विचारत राहिले.

गुलाबवाल्या गटातल्या निम्म्याच लोकांना वास आल्याचं कळलं. चामड्याचा वास मात्र जवळजवळ सगळ्यांच्या नाकात शिरला. ज्यांना गुलाब जाणवला, त्यांची मळमळ वास नसलेल्या गटापेक्षा लक्षणीय कमी होती. आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचं नाक जास्त तिखट, त्यांना त्रासही जास्त झाला.

मुलीनं इंटरनेटवर वाचलेल्या बातमीचं मूळ बहुधा हेच. बातमीत “सुगंधानं मळमळ कमी होते” एवढंच उरतं. पण अटी पाहा. वास जाणवला पाहिजे, तो आवडला पाहिजे आणि तेव्हाही मळमळ कमी होते, नाहीशी होत नाही. शिवाय प्रयोग पडद्यासमोर झाला होता, डोळ्यांवर बांधलेल्या चष्म्यात नाही. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगांत आवडीच्या संगीतानंही मळमळ कमी झाली आणि २०१७ मध्ये तोंडावर नुसता वारा सोडला तरी फरक पडला. म्हणजे गुलाबात काही औषधी द्रव्य आहे आणि ते कानावर काम करतं, असं नाही. डोळे आणि कान यांचं भांडण वासानं मिटत नाही. मन दुसऱ्या, सुखाच्या गोष्टीला धरून राहतं, एवढा त्याचा आधार.

तुम्ही विचाराल, मग वासाचा उपयोग मनाचाच खेळ का? तसंही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत मळमळ घेऊन आलेल्या रुग्णांना इंजेक्शनआधी त्वचा पुसायच्या स्पिरिटचा कापूस हुंगायला दिला, तेव्हा नुसत्या सलाइनच्या कापसापेक्षा त्यांना चांगला आराम पडला, असं २०१६ मध्ये दिसलं. २०१८ च्या अभ्यासात तर हा कापूस हुंगणं मळमळीच्या नेहमीच्या तोंडी गोळीपेक्षा सरस ठरलं. स्पिरिटचा वास काही गुलाबासारखा नाही. मात्र ते रुग्ण प्रवासाचे किंवा चष्म्याचे नव्हते. तेव्हा घरी सॅनिटायझरची बाटली नाकाला लावून बसू नका. आणि आल्याबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून सांगतो : आल्याची चूर्ण खाण्यावर चाचण्या झाल्या आहेत, १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल छात्रांवर खऱ्या समुद्रातही, आणि उलट्या कमी झालेल्या दिसल्या. पण ते खाल्लेलं आलं. हुंगलेल्या आल्याची गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी आई आणि मुलगी परत आल्या. मी बाईंना डोळे मिटायला सांगितलं. एकेक नाकपुडी दाबून धरत कॉफी, लवंग आणि अंगाचा साबण हुंगायला दिला. कोविडनंतर अनेकांची वासाची जाण मंदावली आहे आणि वास येतच नसेल तर पुढचं बोलणं व्यर्थ. तिन्ही त्यांनी ओळखले. मग लॅव्हेंडरची बाटली उघडून दिली. त्यांनी झटकन मान मागे घेतली.

“हा फिनेलचा वास आहे. अॅडमिट होते तिथे फरशी याच वासाची पुसायचे.”

मुलगी गप्प झाली. तिच्यासाठी तो वास स्पाच्या जाहिरातीतला होता, आईसाठी अतिदक्षता विभागातला. चष्म्याबरोबर तो दिला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज मला एका जुन्या प्रयोगावरून होता. १९५५ मध्ये गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना गोड पाणी पाजताना किरणोत्सर्ग दिला. त्यामुळे आजारी पडलेले उंदीर नंतर त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. दोष पाण्याचा नव्हता, पण पोटानं नोंद करून ठेवली होती. केमोथेरपीच्या काही रुग्णांना इस्पितळाच्या दारातल्या वासानंच उमळून येतं, ते याच नोंदीमुळे.

ही नोंद माझ्याही पोटात आहे. लहानपणी घाटातून जाताना आई युडीकोलन लावलेला रुमाल माझ्या नाकाशी धरायची. कोलोन शहरातल्या फारिना नावाच्या इटालियन अत्तरवाल्यानं अठराव्या शतकात केलेलं हे सुगंधी पाणी आपल्याकडे तापात कपाळावर पट्ट्या ठेवण्यासाठी घरोघर असायचं. तिची माया खरी, पण रुमाल यायचा तो मला मळमळायला लागल्यावर. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. आजही कोणी युडीकोलन लावून केबिनमध्ये आलं की मी खिडकी उघडतो.

म्हणून त्यांना सांगितलं ते असं. वास तुमच्या आवडीचा घ्या, बाजारात कशाची चलती आहे ते पाहू नका. तो मंद हवा. चष्मा लावायच्या आधी, पोट शांत असतानाच हुंगायला लागा. मळमळ सुरू झाल्यावर नाकाशी आणू नका, नाहीतर चांगला वास वाया जाईल. तोंडावर टेबलफॅन ठेवायला सांगा. बसून व्यायाम करा. सुरुवात तीन मिनिटांनी, आणि ढवळायच्या आतच चष्मा काढायचा, सोसत बसायचं नाही. दर आठवड्याला मिनिटभर वाढवायचं. मेंदू हळूहळू सरावतो, खलाशाचा सरावतो तसाच. हायोसिन मी मुद्दाम दिलं नाही. साठीनंतर त्यानं गोंधळल्यासारखं होऊ शकतं, लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर धोका असतो. झोप आणणाऱ्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याची भीती. व्यायामानंतर अर्धा तास तिथेच बसून मग रिक्षानं घरी, एकटीनं जिना चढायचा नाही.

तेलांबद्दल तुम्हा सर्वांसाठी आणखी थोडं. दमा किंवा अर्धशिशी असेल तर उग्र वासांपासून दूर राहा, फायद्यापेक्षा त्रासच होईल. गर्भवती स्त्रियांचं नाक आधीच तिखट झालेलं असतं. लहान बाळांच्या नाकाजवळ कापूर, पुदिन्याचं किंवा निलगिरीचं तेल नेऊ नका, आणि ही तेलं पोटात तर कुणीच घेऊ नका. कापरानं मुलांना झटके येतात. आणि चक्कर चष्म्याशिवायही येत असेल, दोन-दोन दिसत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा जोराचं डोकं दुखत असेल, तर वास हुंगत बसू नका, लगेच इस्पितळ गाठा.

“मग वास कसला घेऊ?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या थोडा वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, माहेरच्या अंगणात बकुळ होती. बकुळीची फुलं सुकली तरी वास धरून ठेवतात. मुलीनं फुलवाल्याकडून बकुळीचा गजरा आणला, सुकवला आणि फुलं रुमालाच्या गाठीत बांधून दिली.

मार्चपर्यंत त्या बारा मिनिटांवर पोचल्या. मुलगी म्हणते बकुळीमुळे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात पंखा आणि सराव यांमुळे. माझं मत फिजिओथेरपिस्टच्या बाजूला झुकतं, पण मी ते बाईंसमोर बोललो नाही. गेल्या भेटीत त्यांनी डाव्या हातानं रुमालाची गाठ सोडून मला फुलं दाखवली. सोडायला वेळ लागला. मुलगी मदतीला पुढे झाली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.